बुलगोगी आणि चान्या : कोरिया व महाराष्ट्रातील गोमांसाच्या घरगुती पाकपरंपरेचा तुलनात्मक सामाजिक इतिहास

प्रस्तावना

खाद्यसंस्कृतीचा इतिहास हा केवळ पदार्थांचा इतिहास नसतो. पदार्थ कोणी रांधला, कोणी खाल्ला, कोणाला तो खाण्याची मुभा नव्हती आणि त्यासाठी लागणारे जनावर कोणी कापले किंवा ओढून नेले, या प्रश्नांची उत्तरे त्या त्या समाजाच्या रचनेत असतात. म्हणूनच अलीकडच्या काळात इतिहासकारांनी राजवाडा आणि रणांगण यांच्याबरोबरच स्वयंपाकघराकडेही साधन म्हणून पाहण्यास सुरुवात केली आहे.

'बुलगोगी' हा आज जगभर ओळखला जाणारा कोरियन पदार्थ होय. 'बुल' म्हणजे विस्तव आणि 'गोगी' म्हणजे मांस. सोयाबीनपासून केलेल्या खारट रसात मुरवलेले व विस्तवावर भाजलेले गोमांसाचे पातळ काप, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. कोरियन मालिका आणि संगीत यांच्या लोकप्रियतेमुळे या पदार्थाचे नाव महाराष्ट्रातील तरुण वर्गापर्यंत पोहोचले आहे. पुणे परिसरात रांजणगाव, तळेगाव येथील कोरियन उद्योगांमुळे कोरियन कुटुंबे वास्तव्यास आली आणि त्यांच्या खाद्यपदार्थांची भोजनगृहेही निघाली.

वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातील रिठद आणि भोवतालच्या गावांतून पाहिले असता हा पदार्थ फार दूरचा वाटतो. तथापि दोन गोष्टी त्याला जवळ आणतात. पहिली गोष्ट सोयाबीनची. बुलगोगीचा प्राण असलेला रस ज्या पिकापासून होतो ते सोयाबीन गेल्या चार दशकांत या भागाचे प्रमुख खरीप पीक बनले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बैलाच्या मांसाचा संबंध एका तिरस्कृत समाजाशी जोडला जाणे आणि त्या समाजाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात समतेचा लढा उभारणे, हा अनुभव कोरिया आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांनी घेतला आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गोष्टीचा प्रामुख्याने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बुलगोगी या पदार्थाचे घटक, घरगुती कृती व ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२. कोरियातील 'बेकजॉंग' समाज आणि महाराष्ट्रातील महार समाज यांचा गोमांसाशी आलेला संबंध तपासणे.
३. एका प्रदेशात असा पदार्थ राष्ट्रीय मानचिन्ह का ठरला आणि दुसऱ्या प्रदेशात तो नोंदीबाहेर का राहिला, याची कारणमीमांसा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, आत्मकथने व कायदेविषयक माहिती यांचा आधार घेतला आहे. तुलना करताना दोन समाज सर्वस्वी सारखे आहेत, असे गृहीत धरलेले नाही. उलट साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा मानला आहे.

१. बुलगोगी : घटक व घरगुती कृती

बुलगोगीसाठी पाठीकडील मऊ मांस निवडतात आणि त्याचे दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे काप धाग्यांना आडवे काढतात. मांस थोडे गोठवून घेतल्यास काप एकसारखे निघतात. अर्धा किलो मांसास साधारणतः चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर किंवा मध, अर्ध्या नासपतीचा कीस, चार-पाच लसूण पाकळ्या, एक चमचा तिळाचे तेल, कांद्याची पात आणि मिरपूड असे प्रमाण घेतले जाते. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत मांस या मिश्रणात मुरत ठेवतात आणि मग निखाऱ्यावरील जाळीवर अथवा तापलेल्या तव्यावर थोडे थोडे घालून झटपट भाजतात. एकाच वेळी पुष्कळ मांस टाकल्यास त्याला पाणी सुटते आणि ते भाजण्याऐवजी शिजते.

या कृतीतील प्रत्येक घटकाचे कार्य ठरलेले आहे. सोया सॉसमधील मीठ मांसात उतरून त्याचा ओलावा टिकवते, साखर विस्तवावर करपून तांबूस रंग आणते, तर नासपतीतील पाचक द्रव्य मांसातील प्रथिनांचे धागे सैल करते. आपल्याकडे कबाब किंवा बोटीच्या मांसाला कच्ची पपई वाटून लावतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. तिळाचे तेल मात्र आपल्याकडील घाण्याच्या तेलापेक्षा वेगळे असते. ते भाजलेल्या तिळांचे असल्याने त्याला उग्र सुगंध येतो.

'गान्जांग' म्हणजे कोरियन सोया सॉस करण्याची पारंपरिक रीत आपल्याकडील वाळवणाची आठवण करून देणारी आहे. सोयाबीन उकडून, ठेचून त्याचे ठोकळे करतात. त्यांना 'मेजू' म्हणतात. हे ठोकळे भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात. ते वाळून आंबले की मातीच्या मोठ्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी रस आणि चोथा वेगळा केला जातो. रस म्हणजे गान्जांग आणि चोथा म्हणजे 'द्वेन्जांग'. ही सर्व घरातील स्त्रियांची विद्या होती. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या विद्येचा मानवी अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वाशिम जिल्ह्यातील सोयाबीन मात्र मुख्यतः तेल गिरण्यांकडे आणि पेंडीच्या रूपाने पशुखाद्याकडे जाते. पीक तेच असले तरी ते स्वयंपाकघरात शिरले की नाही, यावर त्याचा सांस्कृतिक इतिहास ठरतो.

२. कोरियातील गोमांस : बंदी आणि भक्षण

बुलगोगीचे मूळ सांगताना 'मेकजॉक' या प्राचीन भाजलेल्या मांसाचा उल्लेख केला जातो. त्याचे नाव चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात येते. मात्र तेथपासून आजच्या बुलगोगीपर्यंत सलग परंपरा दाखविणे कठीण आहे, कारण मध्यंतरी गोर्यो राजवटीत बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे प्राणिहत्या निंद्य मानली गेली. इ.स. ११२३ मध्ये कोरियास भेट देणाऱ्या श्यू जिंग या चिनी दूताने येथील लोकांना जनावर कापण्याचे कसब नाही, अशा आशयाची नोंद केली आहे. तेराव्या शतकात मंगोल वर्चस्व आले आणि त्यानंतर मांसाहार पुन्हा वाढीस लागला.

जोसॉन राजवटीत (१३९२–१८९७) कन्फ्यूशियन विचार राज्याचा आधार बनला. पूर्वजांच्या विधींमध्ये गोमांसाला मान होता, परंतु राज्य शेतीवर उभे होते आणि शेती बैलावर. त्यामुळे बैल कापण्यास बंदी घालणाऱ्या आज्ञा वारंवार काढण्यात आल्या. बंदीचे कारण धार्मिक नसून शेतीचे होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच आज्ञा पुनःपुन्हा काढाव्या लागल्या, यावरून त्या कितपत पाळल्या जात होत्या याचा अंदाज येतो. पाय मोडलेला किंवा कामास निरुपयोगी झालेला बैल परवानगीने कापता येई आणि उमराव घराण्यांना अशी परवानगी मिळविणे अवघड नव्हते.

राजधानीतील व्यवस्था तर अधिकच बोलकी आहे. सतराव्या शतकापासून राजधानीतील गोमांसाच्या दुकानांचा मक्ता 'सॉंगग्युनग्वान' या सर्वोच्च कन्फ्यूशियन विद्यापीठाच्या दासांकडे होता. बंदी मोडल्याबद्दल त्यांच्याकडून नियमितपणे दंड घेतला जाई. म्हणजे दंड हाच कर ठरला आणि गुन्हा हाच परवाना. विद्वानांच्या ताटात मांस येत राहिले, दोष मात्र कापणाऱ्याच्या माथी राहिला.

उमराव आणि राजघराण्यातील या खाद्यप्रकाराचे नाव 'नोबियानी' असे होते. पातळ व रुंद कापलेले, मुरवून भाजलेले गोमांस, असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाकग्रंथांत तो आढळतो. त्याही आधी, इ.स. १६७० च्या सुमारास, जांग ग्ये-ह्यांग या उमराव घराण्यातील स्त्रीने 'उम्शिक दिमिबांग' हा पाकग्रंथ विद्वानांच्या चिनी लिपीत न लिहिता कोरियन लिपीत लिहिला. स्त्रियांच्या ज्ञानाची ही मोलाची नोंद होय. परंतु ती ज्या घरात लिहिली गेली त्या घराच्या उंबरठ्याबाहेर जनावर कापणाऱ्यांचे ज्ञान मात्र अशा कोणत्याही ग्रंथात उतरले नाही.

'बुलगोगी' हा शब्द विसाव्या शतकात, विशेषतः जपानी अमलाच्या काळात, रूढ झाला. १९३० च्या दशकात प्योंगयांग येथील मोरान टेकडीवर उघड्यावर बुलगोगी भाजण्याची इतकी प्रथा पडली की धूर व वास यांमुळे तिला आळा घालण्याच्या बातम्या तत्कालीन वृत्तपत्रांत आल्या. पुढे सेऊलमध्ये घुमटाकार तव्यावरील रसदार बुलगोगी, तर ऑनयांग आणि ग्वांगयांग येथे निखाऱ्यावरील बुलगोगी प्रसिद्धीस आली. राजवाड्यातील पदार्थ बाजारात आला आणि बाजारातून मध्यमवर्गाच्या घरात शिरला.

३. बेकजॉंग : नाव बदलले, स्थान बदलले नाही

जनावरे कापणे, कातडी कमावणे, वेताच्या टोपल्या विणणे ही कामे करणाऱ्या समाजाला कोरियात 'बेकजॉंग' म्हणत. इ.स. १४२३ मध्ये राजा सेजोंग याने या भटक्या समूहांना सामान्य शेतकऱ्यांत मिसळून घेण्याच्या हेतूने हे नाव दिले. 'बेकजॉंग' हा तोवर साध्या प्रजाजनांसाठी वापरला जाणारा शब्द होता. परिणाम उलटा झाला. सामान्य लोक त्यांना 'नवे बेकजॉंग' म्हणून वेगळे काढू लागले आणि कालांतराने तो सन्मानाचा शब्दच शिवी बनला. नाव बदलून दर्जा बदलत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

बेकजॉंगांना गावाबाहेर राहावे लागे. रेशमी वस्त्र, कौलारू घर, प्रौढ पुरुषाची प्रतिष्ठित टोपी यांवर त्यांना बंदी होती. लग्नात पालखी आणि अंत्ययात्रेत तिरडीचा मान त्यांना नव्हता. वयाने लहान असलेल्या सामान्य मुलासही त्यांनी आदरार्थी बोलावे आणि त्याने मात्र त्यांना एकेरी हाक मारावी, अशी रीत होती. आपल्याकडील गावगाड्याशी परिचित असलेल्या वाचकास याचे अधिक स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही.

१८९४ च्या सुधारणांनी कायद्याने हा भेद संपविला. २९ ऑक्टोबर १८९८ रोजी सेऊलमधील एका मोठ्या जाहीर सभेत पाक सॉंग-छुन या बेकजॉंगाने अधिकारी व नागरिकांसमोर भाषण केले. त्याचा मुलगा पाक सॉ-यांग १९०८ मध्ये पाश्चात्त्य वैद्यक शिकून पदवी घेणाऱ्या पहिल्या सात कोरियन डॉक्टरांपैकी एक झाला. परंतु ही उदाहरणे विरळाच. जपानी राजवटीतील कुटुंबनोंदणीत बेकजॉंगांच्या नावापुढे वेगळी खूण राहिली आणि शाळाप्रवेशाच्या वेळी ती उघड होई.

४. तराजूचे नाव घेतलेली चळवळ

एप्रिल १९२३ मध्ये दक्षिण कोरियातील जिन्जू या नगरात 'ह्यॉंगप्यॉंगसा' ही संघटना स्थापन झाली. मुलाला शाळेत प्रवेश नाकारला गेल्याने व्यथित झालेला एक सधन बेकजॉंग, जांग जी-फिल यांच्यासारखे शिकलेले बेकजॉंग तरुण आणि कांग सांग-हो यांच्यासारखे उच्चकुलीन सुधारक हे संस्थापकांत होते. जपानमधील बुराकू समाजाची 'सुईहेईशा' ही संघटना वर्षभर आधी, मार्च १९२२ मध्ये, क्योतो येथे स्थापन झाली होती. या दोन्ही संघटनांत पुढे संपर्क आला.

'ह्यॉंग' म्हणजे तराजूचा दांडा. मांस तोलण्याचा तराजू हे खाटकाच्या धंद्याचे साधन. तेच समतोलाचे, म्हणून समतेचे प्रतीक करण्यात आले. ज्या कामामुळे हीनत्व लादले गेले, त्या कामाच्या साधनातूनच या चळवळीने न्यायाची भाषा घडविली.

विरोधही तीव्र झाला. जिन्जूमध्ये विरोधकांनी गोमांस विकत न घेण्याची मोहीम काढली. ऑगस्ट १९२५ मध्ये येछॉन येथे ह्यॉंगप्यॉंगसाच्या सदस्यांवर जमावाने हल्ला केला. याच काळात सरकारी कत्तलखाने आणि मोठे भांडवल यांमुळे बेकजॉंगांच्या हातचा पारंपरिक धंदाही जात होता. त्यामुळे मानवी प्रतिष्ठा आणि व्यवसायावरील हक्क अशा दोन्ही मागण्या संघटनेला एकत्र कराव्या लागल्या. १९३५ मध्ये संघटनेचे नाव बदलले आणि तिचा मूळचा लढाऊ बाणा ओसरला. पुढे कोरियन युद्ध (१९५०–५३) आणि त्यानंतरचे स्थलांतर यांत जुन्या वस्त्या विखुरल्या. आज कोण बेकजॉंगांचे वंशज, हे ओळखता येत नाही.

५. महाराष्ट्रातील लिखित पाकपरंपरा

मुरवून भाजलेल्या मांसाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (शके १०५१, इ.स. ११२९–३०) या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांस धुणे, कापणे, हिंग-मीठ-मसाल्यात घोळणे आणि शूलावर भाजणे यांचे तपशील आले आहेत. ही राजाच्या मुदपाकखान्याची नोंद होय. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' या पुस्तकात सामिष पाककृतींना मोठे स्थान आहे, तर १९७० मधील कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मध्यमवर्गीय मराठी स्वयंपाकघराचे प्रमाणीकरण केले.

या साऱ्या लेखनातून मराठी अन्नाची जी प्रतिमा तयार झाली, तीत बैलाच्या किंवा म्हशीच्या मांसाला जागा मिळाली नाही. गोवा आणि वसई-मुंबईतील ख्रिस्ती घरांत शिरका, लसूण व मिरचीत मुरवलेले गोमांस होत होते. मुस्लिम घरांत कबाब आणि बोटी होत होती. तथापि ते 'त्यांचे' अन्न मानले गेले. बोलीभाषेतही या मांसाचे नाव थेट न घेता 'मोठ्याचे' असे म्हणण्याची पद्धत पडली.

६. चान्या : वाळवणात न मोजलेले वाळवण

मराठवाडा व विदर्भातील दलित वस्त्यांत गोमांस टिकविण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे 'चान्या'. मांसाचे लांब, पातळ पट्टे कापून, मीठ-हळद लावून अथवा न लावता, दोरीवर किंवा छपरावर कडक उन्हात वाळवीत. पूर्ण वाळलेल्या चान्या गाडग्यात भरून महिनोन् महिने ठेवता येत. पावसाळ्यात, काम नसलेल्या दिवसांत, त्या विस्तवावर भाजून, कुटून, अथवा डाळीत शिजवून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ल्या जात.

तंत्राच्या दृष्टीने पाहिल्यास चान्या आणि बुलगोगी यांत जवळचे नाते आहे. दोन्हींत मांस पातळ कापण्यावर भर आहे, कारण पातळ कापामुळेच मीठ आत उतरते आणि उष्णता लवकर पोहोचते. फरक हेतूचा आहे. बुलगोगीत मांस मऊ व गोड करणे हे उद्दिष्ट, तर चान्यांत ते पुढच्या उपाशी महिन्यांसाठी राखणे हे उद्दिष्ट होते. साखर, मध, नासपती हे घटक सधन घराचे. मीठ आणि ऊन हे निर्धनाचे.

विदर्भात उन्हाळा म्हणजे वाळवणाचा हंगाम. पापड, कुरडया, सांडगे, खारवड्या यांची वर्णने मराठी पाकपुस्तकांत आणि ललित लेखनात विपुल आहेत. चान्या त्याच उन्हात, तशाच दोरीवर, तशाच स्त्रियांच्या हातून तयार होत होत्या. तरीही त्यांची गणना वाळवणात झाली नाही. ही उणीव दलित लेखनाने भरून काढण्यास आरंभ केला. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनापासून या अन्नाच्या आठवणी साहित्यात येऊ लागल्या. २००९ मध्ये पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून दलितांच्या अन्नविषयक स्मृतींचे संकलन प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आले. त्यात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या पाककृती प्रथमच इतक्या तपशिलाने नोंदविल्या गेल्या. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रकाशित झाला.

७. महाड आणि मृतमांसाचा त्याग

चान्यांच्या इतिहासाकडे केवळ चवीचा इतिहास म्हणून पाहता येत नाही. गावातील मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले गावकीचे काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा तथाकथित मोबदला. हक्क म्हणून सांगितली गेलेली ही गोष्ट वस्तुतः बंधन होती. ते नाकारल्यास गावाचा बहिष्कार ठरलेला असे.

जुलै १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. जिन्जूतील घटनेस तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथील कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्यावर पाणी प्याले आणि परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. पाणी आणि मांस हे दोन्ही विषय एकाच परिषदेत यावेत, हा योगायोग नव्हे. एक हक्क मिळवायचा होता, दुसरे बंधन तोडायचे होते.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध ऐतिहासिक दृष्टीने तपासला. बौद्ध धर्माशी झालेल्या संघर्षात वरिष्ठ वर्गाने गोमांस सोडले आणि ज्या पराभूत, विखुरलेल्या समूहांनी मृत गाईचे मांस खाणे चालू ठेवले ते अस्पृश्य ठरले, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी इ.स. ४०० च्या सुमारास मानला आहे. हाच काळ वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिम येथे राज्य करणाऱ्या वाकाटक शाखेचा होय. या सिद्धान्ताविषयी विद्वानांत मतभेद असले तरी अन्नाच्या आधारे सामाजिक दर्जाचा इतिहास लिहिण्याचा तो मूलगामी प्रयत्न होता, हे मान्य करावे लागते.

८. साम्य आणि भेद

दोन्ही प्रदेशांत बैल हा शेतीचा आधार. दोन्हीकडे मृत अथवा कापलेल्या जनावराशी संबंध येणारा समाज गावाबाहेर ठेवला गेला. दोन्हीकडे १९२३ ते १९२७ या अवघ्या चार वर्षांत स्वाभिमानाची संघटित चळवळ उभी राहिली आणि दोन्हीकडे तिला हिंसक विरोध झाला. ही साम्ये ठळक आहेत.

भेद मात्र निर्णायक आहे. कोरियात वरिष्ठ वर्ग गोमांस खात होता आणि कापणाऱ्याचा तिरस्कार करीत होता. महाराष्ट्रात वरिष्ठ वर्ग ते खात नव्हता आणि ओढणारा व खाणारा अशा दोघांचाही, म्हणजे एकाच माणसाचा, तिरस्कार करीत होता. बेकजॉंगाच्या हातातील मांस ही बाजारात मागणी असलेली वस्तू होती. महाराच्या वाट्याला आलेले मांस हे गावाने टाकून दिलेले होते. त्यामुळे बेकजॉंग आपल्या धंद्याचा तराजू प्रतीक म्हणून उंचावू शकला. महार समाजाला प्रतिष्ठेसाठी ते मांस टाकणेच आवश्यक होते. दोन चळवळींनी भिन्न मार्ग घेतले ते विचारांच्या उणेपणामुळे नव्हे, तर भिन्न आर्थिक स्थितीमुळे.

याच भेदामुळे दोन पदार्थांचे भवितव्यही वेगळे झाले. नोबियानी आधीच राजवाड्यातील होती. तिला बाजाराची जोड मिळताच ती बुलगोगी म्हणून राष्ट्राची झाली. चान्यांना मात्र असा कोणताही वरिष्ठ आश्रयदाता नव्हता आणि ज्यांचे ते अन्न होते त्यांनीच ते स्वाभिमानापोटी सोडण्यास सुरुवात केली होती. तथापि बुलगोगीच्या यशाचीही एक किंमत आहे. पदार्थ राहिला, पण कापणाऱ्याची आठवण पुसली गेली. 'बेकजॉंग' हा शब्द आज भाजलेल्या मांसाच्या एका नामांकित भोजनगृह-साखळीच्या नावात झळकतो आणि तेथे जेवणाऱ्या अनेकांना त्यामागील पाचशे वर्षांची वेदना जाणवत नाही. याउलट महाराष्ट्रात पदार्थ विरत गेला, परंतु वेदनेची नोंद दलित साहित्याने जतन केली.

९. कायदा आणि आजचे स्वयंपाकघर

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४८ मध्ये गाई, वासरे व दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलीस प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व शेती व पशुसंवर्धनाच्या संदर्भात आले आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीस बंदी घातली. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी वैध ठरविली, परंतु राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले.

परिणामी महाराष्ट्रातील कोरियन कुटुंब असो वा हौशी मराठी गृहिणी, बुलगोगी करावयाची झाल्यास म्हशीचे मांस, बोकडाचे मांस अथवा कोंबडी यांकडे वळावे लागते. स्वतः कोरियातही कोंबडीची व डुकराच्या मांसाची बुलगोगी रूढ असल्याने हा बदल परंपरेस सोडून नाही. म्हशीचे मांस अधिक धाग्याचे असल्याने काप आणखी पातळ काढणे आणि मुरण्यास अधिक वेळ देणे इष्ट ठरते. कायदा ताटातील मांस बदलतो आणि स्वयंपाकघर त्याच्याशी जुळवून घेते, हे जोसॉन काळातही घडले होते.

येथे पोळ्याचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. श्रावण अमावास्येला वऱ्हाडातील प्रत्येक गाव बैलाची पूजा करते. ही कृतज्ञता खरीच आहे. परंतु तोच बैल मेल्यानंतर त्याचे काय होई, ते काम कोण करी आणि त्या मनुष्याशी गाव कसे वागे, हा पोळ्याच्या वर्णनात न येणारा उत्तरार्ध आहे. बैलाचा संपूर्ण इतिहास लिहावयाचा असेल तर हा उत्तरार्धही लिहावा लागेल.

निष्कर्ष

१. बुलगोगी हा अखंड प्राचीन पदार्थ नसून बंदी, उमराव वर्गाची पाकपरंपरा, वसाहतकालीन बाजार आणि आधुनिक राष्ट्रभावना यांतून घडलेला पदार्थ आहे.

२. गोमांसबंदीचे कारण शेतीचे असो वा धर्माचे, तिचा भार प्रत्यक्ष काम करणाऱ्या कनिष्ठ समूहांवरच अधिक पडला, असे दोन्ही प्रदेशांच्या इतिहासातून दिसते.

३. ह्यॉंगप्यॉंगसा व महाडची चळवळ यांचे ध्येय एकच होते, मार्ग मात्र त्या त्या समाजाच्या आर्थिक स्थितीनुसार भिन्न झाले. एकीने धंद्याला प्रतिष्ठा मागितली, दुसरीने लादलेले काम व मृतमांस नाकारून प्रतिष्ठा मिळविली.

४. पदार्थाला सन्मान मिळाला म्हणजे तो घडविणाऱ्यांना सन्मान मिळतोच असे नाही. तसेच एखादा पदार्थ सोडून दिला म्हणजे त्यातील ज्ञान क्षुद्र होते, असेही नाही. चान्यांची कृती नोंदविणे म्हणजे जुन्या गुलामीचे गौरवीकरण नव्हे. उपासमारीच्या काळात स्त्रियांनी आपल्या मुलाबाळांना कसे जगविले, याची ती नोंद आहे.

५. हे ज्ञान अद्याप लिखित साधनांपेक्षा स्मृतीत अधिक आहे आणि ज्या पिढीच्या स्मृतीत ते आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे. रिठदसारख्या गावांतून येणारे विद्यार्थी आपल्या आजीकडून जे ऐकू शकतील, ते कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाही. इतिहास, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्रितपणे प्रकल्पकार्यातून अशा मौखिक साधनांचे संकलन हाती घ्यावे. मात्र ते करताना सांगणाऱ्या व्यक्तीची संमती आणि तिचा सन्मान यांना प्रथम स्थान असावे, कारण या अन्नाच्या आठवणीबरोबर अपमानाचीही आठवण जोडलेली आहे. काय सांगावे आणि काय सांगू नये, हे ठरविण्याचा अधिकार तिचाच आहे.